हे लेखकाला कसं कळलं? खऱ्या गोष्टींची पुस्तकं रंगून वाचण्यासाठी

अभ्यास म्हणून नव्हे, तर रात्री झोपण्यापूर्वी चार पानं म्हणून चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन किंवा एखाद्या गाजलेल्या खटल्याची हकिकत हातात घेणारे वाचक मराठीत भरपूर आहेत. 'हे खरंच घडलं' एवढ्या तीन शब्दांनी त्यांची झोप उडते. या वाचनाची गोडी वाढवायची असेल तर एकच प्रश्न सतत जवळ ठेवावा: हे लेखकाला कसं कळलं? लेखकावर संशय घ्यायला म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर शोधताना पुस्तकातून दुसरी एक गोष्ट उलगडत जाते. कागद कुठे सापडला, कुणी जपला, कुणी त्यातलं काय गाळलं, कोण किती वर्षं गप्प राहिलं, हे सगळं त्यात येतं आणि पुष्कळदा ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही जास्त रंगते.

खऱ्या घटनेबद्दल लिहिणाऱ्याकडे माहिती येण्याच्या वाटा मोजून चार. त्यानं स्वतः पाहिलं, पाहिलेल्या कुणाकडून ऐकलं, कागदपत्रांत वाचलं, किंवा मधली जागा तर्कानं भरून काढली. चांगल्या पुस्तकात चारही असतात आणि त्यात काही गैर नाही. कोणतं वाक्य कोणत्या वाटेनं आलं हे वाचकाला कळू दिलं आहे की नाही, यावर पुस्तकाची प्रत ठरते.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' या नजरेनं वाचून बघा. गोडसे भटजी वरसईचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. घरात कर्ज, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी वार्ता. दक्षिणा मिळेल या आशेनं ते काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. त्यानंतरची कत्तल, लूट, लपून काढलेले दिवस आणि पाण्यासाठीची तगमग या माणसानं स्वतः भोगली आहे. तो भाग वाचताना वाक्यं बदलतात. तपशील लहान आणि नेमके होतात: कुठे लपलो, काय खाल्लं, कोण हाताशी होतं. डोळ्यांनी पाहिलेल्या मजकुराची ही मोठी खूण आहे. पाहणाऱ्याला बिनमहत्त्वाच्या गोष्टीही आठवतात, तर ऐकणाऱ्याजवळ बहुधा घटनेचा तेवढा सांगाडाच पोचतो.

याच पुस्तकात बंडाची कारणं येतात, ती वाटेत महूच्या बाजूला भेटलेल्या शिपायांच्या तोंडून. ती ऐकीव आहेत. म्हणून टाकाऊ मात्र मुळीच नाहीत. त्या वेळी रस्त्यावरच्या माणसांत काय बोललं जात होतं, हे त्यांतून जसं कळतं तसं सरकारी अहवालातून कळणार नाही. फक्त ती 'बंड का झालं' याची साक्ष म्हणून न घेता 'लोक काय समजत होते' याची साक्ष म्हणून वाचायची. राणी लक्ष्मीबाईंचा शेवट जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ झाला. तिथे भटजी नव्हते. त्यामुळे तो भाग पुन्हा ऐकीव. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची भेट झाली, तो प्रसंग मात्र त्यांनी स्वतः अनुभवला म्हणून सांगितला आहे. दोन्ही प्रसंग एकाच पुस्तकात, एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेले असले तरी त्यांचं वजन सारखं नाही. हा फरक लक्षात आला की पुस्तक दुसऱ्यांदा वाचावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट इथे शिकता येते. साक्षीदार आपल्या धंद्यातल्या गोष्टीत सर्वांत पक्का असतो. गोडसे हे भिक्षुक. कोणता विधी कसा झाला, ब्राह्मणांना काय मिळालं, कुणाच्या वाड्यावर कसा सत्कार झाला, यात त्यांचं बोट धरून खुशाल चालावं. फौजेचा आकडा किंवा तोफांची संख्या आली की थोडं थांबावं. डॉक्टरानं लिहिलेल्या आत्मचरित्रात आजाराचं वर्णन, वकिलाच्या आठवणींत कोर्टातली उलटतपासणी आणि शेतकऱ्याच्या आठवणींत पावसाचं साल, यांवर जास्त भिस्त ठेवायला हरकत नाही.

आता या पुस्तकाची दुसरी गोष्ट. भटजींनी हे लिहिलं ते झाशी पडल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषा सुधारून आणि काही भाग गाळून. राज्य इंग्रजांचं होतं, विषय बंडाचा होता, आणि काही मजकूर त्या काळच्या सभ्य वाचकाला रुचणार नाही असाही होता. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ बरहुकूम आवृत्ती काढली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक एक निवडून, घासूनपुसून दिलेलं पुस्तक वाचत होते. त्यामुळे 'मी हे पुस्तक वाचलंय' असं कुणी म्हणालं तर 'कुठली आवृत्ती?' हा प्रश्न अगदी रास्त ठरतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीनं जून १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात लिहिलेली डायरी जगभर वाचली जाते. पण युद्धानंतर असं लेखन गोळा केलं जाईल हे रेडिओवर ऐकल्यावर १९४४ च्या वसंतात तिनं स्वतःच ती नव्यानं लिहायला घेतली होती. म्हणजे तिच्याच हातचे दोन मजकूर झाले. वडिलांनी, ऑटो फ्रँक यांनी, ते दोन्ही जुळवून आणि आईबद्दलचे व शरीराबद्दलचे काही उतारे वगळून १९४७ साली पुस्तक छापलं. मजकूर तिचाच आहे, पण निवड वडिलांची. पुढच्या आवृत्त्यांत वगळलेलं बरंच परत आलं. मराठी अनुवाद हातात आला तर तो कोणत्या आवृत्तीवरून केला आहे ते बघावं, कारण दोन अनुवादांतली मुलगी थोडी वेगळी भासते.

आठवणींच्या पुस्तकांचं गणित निराळं. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा आहे, आणि त्यात १८९५ साली झालेल्या त्यांच्या पतीच्या, कवी नारायण वामन टिळकांच्या, धर्मांतराचे दिवस येतात. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली आहेत. इतक्या अंतरावरून माणूस तारखा चुकवतो, दोन प्रसंगांचा एक करतो, एका पाहुण्याचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालतो. पण अपमान, भूक, ओशाळलेपण, कुणी अचानक दाखवलेली माया या गोष्टी सहसा पुसल्या जात नाहीत. म्हणून आठवणींच्या पुस्तकाकडून काळाचा क्रम मागू नये, त्या घरात राहणं कसं होतं हे मागावं. तारीख हवी असेल तर त्यासाठी चरित्र उघडावं. आठवणींत मुख्य दोष शिरतो तो विसरण्यातून कमी आणि नात्यांतून जास्त. हयात माणसांबद्दल लिहिताना हात आखडतो. सासरचं, नोकरीतल्या वरिष्ठांचं, पक्षातल्या सहकाऱ्यांचं वर्णन एकाएकी गुळगुळीत झालं तर ती माणसं पुस्तक छापलं तेव्हा हयात होती का, हे पाहावं.

सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती संवादांत. अवतरणचिन्हात वाक्य दिसलं की ते बोललं गेलंच असेल असं डोळा धरून चालतो. प्रत्यक्षात शब्दशः संवाद हाती लागतात ते साक्षीच्या नोंदीत, ध्वनिमुद्रणात, पत्रात किंवा त्याच दिवशी लिहिलेल्या डायरीत. बाकीचे बहुतेक संवाद 'साधारण असं काहीसं बोलणं झालं' या जातीचे असतात. ट्रुमन कपोटी यांचं कॅन्सासमधल्या एका कुटुंबाच्या हत्येवरचं 'इन कोल्ड ब्लड' १९६६ साली आलं तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा असल्याचा दावा लेखकानं केला. मुलाखती घेताना ते टेप वापरत नसत, समोर बसून टिपणंही काढत नसत. घरी जाऊन आठवणीतून लिहीत. पुढे तपासणाऱ्यांना त्यात बऱ्याच विसंगती दिसल्या. शेवटचा कबरस्तानातला प्रसंग तर घडलाच नव्हता. पुस्तकाला हळुवार शेवट हवा होता म्हणून तो रचला गेला.

जॉन हर्सी यांचं 'हिरोशिमा' शेजारी ठेवा. अणुबाँबमधून वाचलेल्या सहा माणसांना हर्सी १९४६ साली भेटले आणि त्यांच्या हकिकती त्याच वर्षीच्या ३१ ऑगस्टच्या 'न्यू यॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकानं अख्खा अंक देऊन छापल्या. त्यात लेखक स्वतः कुठे दिसत नाही आणि विशेषणंही फार थोडी. त्या क्षणी कोण कुठे बसलं होतं, हातात काय होतं, पहिल्यांदा काय दिसलं, हे फक्त त्या त्या माणसाला माहीत असेल तेवढंच येतं. सगळ्या शहराचं चित्र एकदम दाखवण्याचा मोह तिथे आवरलेला आहे. आमच्या मते नव्या वाचकानं खरी गोष्ट कशी सांगावी हे पाहायचं असेल तर याइतका स्वच्छ नमुना मिळणं अवघड. शिवाय पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकांत संपतं.

मराठीत याहून मोठा घोळ आहे तो ऐतिहासिक कादंबरीचा. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'राऊ', 'पानिपत' या कादंबऱ्या आहेत. लेखकांनी ते कधी लपवलेलं नाही. पण दुकानात आणि घरच्या कपाटात त्या चरित्रांच्या मांडीला मांडी लावून बसतात, आणि काही वर्षांनी वाचकाच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ होते. मग एखाद्या पेशव्याच्या तोंडचं कादंबरीतलं वाक्य भाषणात ऐतिहासिक वचन म्हणून येतं. ओळखायला सोपी खूण अशी की पात्र एकटं असताना त्याच्या मनात काय आलं हे सांगितलं असेल, आणि त्या माणसाची डायरी वा पत्र पुढे ठेवलेलं नसेल, तर ती कल्पना समजावी. कादंबरीचा आनंद यानं उणावत नाही. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. कादंबरी संपल्यावर ती जरूर वाचावी. शिवचरित्राची साधनं आणि त्यांतून निघणारे प्रश्न यांबद्दल एक तल्लख माणूस कसा विचार करतो, हे तिथे दिसतं.

आता प्रत्यक्ष वाचताना अडखळायला होतं त्या जागा. पहिली अडचण नावांची. बखर, पेशवाईचं चरित्र किंवा सत्तावनची हकिकत तिसाव्या-चाळिसाव्या पानाला मिटली जाते ती बहुधा विषय कंटाळवाणा म्हणून नव्हे, माणसं एकमेकांत मिसळली म्हणून. पानिपताच्या काळातले नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, आणि १८५७ चे नानासाहेब म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र धोंडोपंत. बाजीरावही दोन. सदाशिवराव कधी भाऊ तर कधी भाऊसाहेब. उपाय साधा आहे. पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवायचा आणि नवं माणूस आलं की एक ओळ लिहायची: नाव, हुद्दा, कुणाचा कोण, पहिल्यांदा कोणत्या पानावर. बारा-पंधरा नावांनंतर गरज उरत नाही, कारण महत्त्वाची माणसं तोवर पाठ झालेली असतात.

दुसरी अडचण कालगणनेची. शके दिसला की ७८ मिळवायचे, इतकं बहुतेकांना ठाऊक असतं, आणि तिथेच चूक होते. शक वर्ष चैत्रात सुरू होतं आणि इंग्रजी वर्ष त्याच्या मध्येच, पौषाच्या सुमारास, बदलतं. म्हणून पौषातल्या जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. १६८२ आणि ७९ मिळून १७६१, तारीख १४ जानेवारी. ७८ मिळवले असते तर लढाई एक वर्ष आधी झाली असती. जुन्या पत्रांत सुहूर सन, म्हणजे तेव्हा कागदोपत्री चालणारी आणखी एक कालगणना, असतो. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवायचे. इंग्रजांनी १७५२ साली कॅलेंडर बदललं, त्याआधीच्या तारखांत दहा-अकरा दिवसांचा फरक आढळतो. दोन पुस्तकांत एकाच घटनेच्या दोन तारखा दिसल्या तर लगेच एकाला खोटं ठरवू नये. आधी हा फरक तपासावा.

तारखेवरून केवढा खल होऊ शकतो याचं उदाहरण शिवजन्माचं. पूर्वी वैशाखातली १६२७ ची तिथी सर्रास धरली जाई. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे घटनांची शकवार नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती छापली गेली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ होती. वरचा हिशेब लावला की १५५१ आणि ७९ मिळून १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. राज्य सरकारनं ही तारीख स्वीकारली ती थेट २००१ साली. एका घरातल्या जुन्या कागदानं एवढी उलथापालथ केली, हे वाचताना साधनांची सूचीसुद्धा रहस्यकथेसारखी वाटू लागते.

पैसे आणि मापं यांबाबत एवढंच. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया १६ आण्यांचा, आणा ४ पैशांचा, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. जुन्या रकमेचे आजचे रुपये करत बसू नये, ते कधीच धड जमत नाही. त्याच पुस्तकात नोकराचा पगार किंवा धान्याचा भाव सापडतो, त्याच्याशी तुलना करावी. महिन्याचा पगार ५ रुपये आणि लग्नाचा खर्च ३०० रुपये, एवढं मांडलं की घर किती वर्षं बुडालं ते लगेच कळतं. मण मात्र प्रांतागणिक बदलत असे, तिथे आकड्याला फार चिकटू नये.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी दहा मिनिटं द्यावीत. मलपृष्ठावरचा मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नये. आधी आतलं मुद्रणपृष्ठ: प्रथमावृत्तीचं साल, नंतर फक्त पुनर्मुद्रण की सुधारित आवृत्ती, अनुवाद असल्यास मूळ पुस्तकाचं नाव आणि साल. 'स्वैर अनुवाद', 'भावानुवाद' किंवा 'संक्षिप्त' हे शब्द दिसले तर मूळ मजकुरात काटछाट किंवा भर आहे हे समजून घ्यावं. मग शेवटची पानं बघावीत. टीपा, संदर्भसूची आणि नामसूची आहे का? मराठी अनुवादांत पानं वाचवण्यासाठी या गोष्टी अनेकदा गाळल्या जातात, आणि हे खरोखर वाईट आहे, कारण लेखकाला कसं कळलं याचं उत्तर तिथेच असतं. त्यानंतर पुस्तकाच्या मधलं एखादं पान पूर्ण वाचावं. पहिलं पान प्रत्येक जण जीव ओतून लिहितो, मधल्या पानावर लेखकाची खरी चाल दिसते. आणि 'सत्य घटनेवर आधारित' एवढंच लिहिलं असेल, पण मनोगतात काय बदललं याचा उल्लेख नसेल, तर ते कादंबरी म्हणून वाचावं आणि निश्चिंत व्हावं.

घरी वाचताना क्रम असा ठेवावा: लेखकाचं मनोगत आधी, दुसऱ्यानं लिहिलेली लांबलचक प्रस्तावना शेवटी. प्रस्तावनाकार उत्साहाच्या भरात सगळे प्रसंग सांगून टाकतात आणि पुढची उत्सुकता संपते. नकाशा असेल तर त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा, म्हणजे दर वेळी पानं उलटावी लागत नाहीत. रोज २० पानं धरली तर ३०० पानांचं चरित्र १५ दिवसांत होतं. रोज ५ पानांच्या गतीनं मात्र नावं विसरत जातात आणि पुस्तक मागे पडतं. अशा वेळी आठवड्यातून दोनदा लांब बसणं बरं. टीपा प्रत्येक आकड्याला थांबून पाहू नयेत. प्रकरण संपलं की एकदम बघाव्यात, आणि जिथे 'हे कसं कळलं' असं मनात आलं तेवढ्याच. पन्नास पानांनंतरही गती येत नसेल तर मधलं आवडीचं प्रकरण उघडावं. खऱ्या गोष्टींच्या पुस्तकाला कादंबरीसारखं सलग वाचण्याचं बंधन नाही. चरित्रातलं बालपण हा भाग बहुतेक वेळा सर्वांत कच्चा असतो, कारण त्या काळचे कागद नसतात आणि कौतुकाच्या आख्यायिका भरपूर असतात. तो खुशाल नंतर वाचावा.

एक पुस्तक आवडलं की त्याच घटनेवरचं दुसरं शोधावं, यासारखी दुसरी मौज नाही. 'माझा प्रवास'बरोबर द. ब. पारसनीस यांचं १८९४ सालचं झाशीच्या राणीचं चरित्र ठेवता येतं. एक जण वेढ्यात अडकलेला, दुसरा कागद जमवणारा. रमाबाईंच्या आठवणींबरोबर न्यायमूर्ती रानड्यांचं एखादं चरित्र वाचलं तर एकाच घरातला माणूस बाहेरून आणि आतून दिसतो. दोन्ही पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांत आणि कित्येक तालुक्यांच्या वाचनालयांत ही पुस्तकं मिळण्याची शक्यता चांगली. तिथल्या ग्रंथपालांना नुसतं नाव न सांगता संपादकाचं नावही सांगावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १९०७ ची वैद्यांची आवृत्ती आता कुणीही छापू शकतो. स्वस्त प्रतीत तीच असण्याचा संभव जास्त. मूळ मजकूर हवा असेल तर मुद्रणपृष्ठावर तो हस्तलिखितावरून घेतल्याचा उल्लेख आहे का, हे पाहूनच पुस्तक घ्यावं.